काचा धुण्याच्या व्हॅनमध्ये गरम पाणी: कमी खर्चाचे मार्ग, हिशेबासकट

काच स्वच्छ व्हायला गरम पाणी लागतंच असं नाही. पाणी नीट शुद्ध केलेलं असेल, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १० च्या आत असेल, तर थंड पाण्यानेही काच डाग न राहता वाळते. गरम पाण्याचा खरा उपयोग चिवट घाणीवर होतो. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा, चिकटून बसलेले किडे, स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा तेलकट थर आणि वर्षभर न धुतलेल्या चौकटी गरम पाण्याने लवकर सुटतात, ब्रशच्या फेऱ्या कमी होतात. शिवाय कडक थंडीत पीव्हीसीची नळी काठीसारखी ताठ होते, ती गरम पाण्याने मऊ राहते आणि हातही बधिर होत नाहीत. एवढ्यासाठी किती खर्च करायचा, हा पहिला प्रश्न. हीटर कुठला घ्यायचा, हे त्याच्या नंतर.

बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी हीटर घेतात, बसवतात, आणि मग ब्रशपाशी कोमट पाणी येतंय म्हणून आणखी मोठा हीटर शोधू लागतात. पुष्कळदा उष्णता कमी पडलेली नसते, वाटेत सांडलेली असते.

आधी आकडेमोड

दोन सूत्रं लक्षात ठेवली की पुरे. टाकी तापवायची असेल तर लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, म्हणजे लागणारी युनिटं. वाहतं पाणी तापवायचं असेल तर मिनिटाला जाणारे लिटर गुणिले अंश, भागिले १४, म्हणजे लागणारे किलोवॉट.

४०० लिटरची टाकी १० अंशांवरून ४२ वर न्यायची, तर ४०० × ३२ ÷ ८६०, म्हणजे जवळपास १५ युनिटं. ही उष्णता कुठूनही आणा, लागणार तेवढीच. विजेवर ती १५ युनिटं म्हणूनच मोजली जाते. गॅसवर, ८० टक्के उष्णता पाण्यात उतरली असं धरलं, तर साधारण दीड किलो एलपीजी लागतो. डिझेलवर त्याच हिशेबाने दोन लिटरला थोडं कमी. तुमच्याकडचे भाव या तीन आकड्यांसमोर मांडले की रोजच्या खर्चाची तुलना पाच मिनिटांत होते.

वाहत्या पाण्याचं उदाहरण घेऊ. एका पोलला (टोकाच्या ब्रशमधून पाणी सोडणाऱ्या लांब काठीला) मिनिटाला दीड लिटर पाणी लागतं आणि तापमान ३५ अंशांनी वाढवायचं आहे. १.५ × ३५ ÷ १४ म्हणजे पावणेचार किलोवॉट. दोन जण एकाच वेळी काम करत असतील तर साडेसात. हे आकडे नीट बघा, कारण पुढे गॅस आणि डिझेल या दोन्हींची अडचण याच आकड्यांत दडलेली आहे.

एक गोष्ट याच सूत्राने निकालात निघते. बॅटरीवर इन्व्हर्टर लावून पाणी तापवण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, तिचं आयुष्य न खाता, साधारण ०.६ युनिट काढता येतं. तेवढ्यात ४०० लिटर पाणी १.३ अंशांनी तापेल. हा विषय इथेच संपला.

किती गरम

ब्रशपाशी ३५ ते ४० अंश भरपूर झाले. टाकीत किंवा हीटरच्या तोंडाशी ४५, फार तर ५०. त्यापुढे जाण्यात फायदा थोडा आणि नुकसान बरंच.

पहिलं कारण काच. साध्या काचेच्या दोन भागांच्या तापमानात ३५ ते ४० अंशांचा फरक पडला की तडकण्याचा धोका सुरू होतो. कडेला टवका उडालेला असेल, आत जाळी असेल किंवा काच जुनी आणि ओरखडलेली असेल तर त्याच्याही आधी. काचेवर दव गोठलेलं असताना ६० अंशांचं पाणी मारणं म्हणजे जुगार आहे. अशा सकाळी आधी थंड पाण्याचा हात फिरवायचा, मग कोमट सुरू करायचं.

दुसरं कारण सामान. पॉलिथिलिनची टाकी ६० अंशांच्या आसपास नरम पडून फुगायला लागते. १२ व्होल्टच्या बऱ्याच डायफ्रॅम पंपांची मर्यादा साधारण तिथेच येते. पीव्हीसीची नळी गरम झाली की दाब कमी सोसते आणि दाबून बसवायचे जोड सुटून येतात.

पाणी शुद्ध करण्याचा क्रमही इथेच ठरवून टाका. आधी शुद्ध करायचं, मग तापवायचं. आरओच्या पडद्याला ४५ अंशांच्या वरचं पाणी चालत नाही, आणि डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांच्या) काही प्रकारांची मर्यादा ४० च्या आसपास आहे. घरच्या गिझरचं गरम पाणी टाकीत ओतण्याची युक्ती म्हणूनच फसते. ते पाणी शुद्ध नसतं, आणि शुद्ध करायला रेझिनमधून नेलं तर रेझिन बिघडतं.

हीटरच्या आधी उष्णता अडवा

४०० लिटरच्या उघड्या प्लॅस्टिकच्या टाकीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन चौरस मीटर असतो. आत ४५ आणि बाहेर १० अंश असताना तिच्यातून अंदाजे ८०० वॉट उष्णता निघून जाते, म्हणजे आठ तासांत सहाएक युनिटं. पाणी १३-१४ अंशांनी उतरतं. त्याच टाकीला चारही बाजूंनी आणि वरून २५ मिलिमीटरचा पीआयआर फोमचा, आणि खालून एक्सपीएस या कडक फोमचा तक्ता लावला की गळती १०० वॉटच्या आसपास येते आणि त्याच आठ तासांत पाणी दोन अंशही उतरत नाही. संपूर्ण लेखातला सगळ्यात स्वस्त सौदा हाच.

लावताना तीन गोष्टी सांभाळा. टाकीच्या खाली पीआयआर घालू नका. ४०० किलोंच्या भाराखाली आणि गाडीच्या हादऱ्यांत तो चुरतो. तळाला भार सोसणारा एक्सपीएसचा तक्ता हवा. दुसरं, फ्रेम आणि टाकी यांच्यामध्ये फोम कोंबून टाकी सैल होऊ देऊ नका. अचानक ब्रेक लागला तर ते पाणी पुढच्या सीटच्या दिशेने येतं. टाकीची पकड आधी, फोम उरलेल्या जागेत. तिसरं, झाकण विसरू नका. सगळ्यात गरम पाणी वरच असतं आणि लोक नेमकं झाकण उघडं ठेवतात. झाकणावर फोमची चकती चिकटवा, हवेचं भोक मात्र मोकळं ठेवा. ते बंद झालं तर पंप पाणी ओढताना टाकी आत चेपते.

नळीचा हिशेब आणखी डोळे उघडणारा आहे. १०० मीटर लांब, आतून ८ मिलिमीटरच्या नळीत ५ लिटर पाणी मावतं. मिनिटाला दोन लिटरने काम केलं तर गरम पाणी ब्रशपर्यंत यायलाच अडीच मिनिटं लागतात. दर घरापाशी पाच मिनिटं नळ बंद राहिला की ते पाणी पुन्हा थंड. ६ मिलिमीटरच्या नळीत त्याच लांबीला २.८ लिटर मावतं, म्हणजे वाट बघणं जवळपास निम्म्यावर येतं. बारीक नळीत दाब जास्त लागतो, पण एका माणसाच्या प्रवाहाला तो पंपाच्या आवाक्यातला असतो. ओल्या जमिनीवर पसरलेली १०० मीटर नळी वाटेत साधारण एक तृतीयांश उष्णता खाते. ४५ अंशांनी निघालेलं पाणी ५ अंशांच्या हवेत ३२ वर येऊन पोचतं. लागेल तेवढीच नळी उलगडायची आणि बाकीची रिळावर ठेवायची, इतक्यानेही फरक पडतो. बहुतेक कामं ६० मीटरमध्ये होत असतील तर १०० मीटरची नळी बाळगण्यात अर्थ नाही.

रात्रभर टाकीत हीटर: एकट्या माणसासाठी पहिला पर्याय

रात्री गाडी विजेच्या जोडणीपाशी उभी राहत असेल तर बाकीचे मार्ग वाचायच्या आधी हा करून बघा. सामान कमी, दिवसा काही बिघडण्यासारखं नाही, धूर नाही, गॅस नाही. शुद्ध पाण्यात क्षार नसल्यामुळे कॉइलवर पांढरा थर बसत नाही, हा वरचा फायदा.

बादलीत सोडायची साधी रॉड मात्र टाकीत टाकू नका. तिला थर्मोस्टॅट नसतो, पाणी कमी झालं तर ती कोरडी तापते आणि टाकीला टेकली तर प्लॅस्टिक वितळवते. ती रॉड समोर बसून वापरायची वस्तू आहे, इथे तर तुम्ही झोपलेले असता.

लागणारं सामान असं: स्टेनलेस स्टील किंवा इंकोलॉयच्या आवरणाचा २ किंवा ३ किलोवॉटचा इमर्शन हीटर, तापमान नियंत्रक आणि त्याची संवेदक तार, कॉन्टॅक्टर, वेगळा जास्त-तापमान कटआउट, पाण्याच्या पातळीसाठी फ्लोट स्विच, टायमर, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), योग्य एमसीबी, २.५ चौरस मिलिमीटरची रबरी तीन-तारी केबल आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला बसवायचा १६ ॲम्पिअरचा झाकणवाला औद्योगिक सॉकेट. तांब्याच्या आवरणाचा हीटर स्वस्त मिळतो, पण शुद्ध पाणी तांबं हळूहळू खातं आणि टीडीएस वाढतो.

१. हीटरची जागा ठरवा. टाकीच्या बाजूला भोक पाडून बसवायचा असेल तर तळापासून ८-१० सेंटिमीटरवर आडवा बसवा. प्लॅस्टिकची भिंत वाकते, म्हणून आतून-बाहेरून स्टेनलेसची रुंद चकती आणि सिलिकॉन रबरचा वॉशर हवा. नुसत्या नटावर कसला तर दोन-तीन आठवड्यांत ठिबकायला लागतो. भोक नको असेल तर झाकणातून लोंबणारा, खाली एल आकारात वळलेला हीटर घ्या. कुठल्याही बाजूला कॉइल आणि प्लॅस्टिक यांत निदान ५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि गाडी हलताना कॉइल हेलकावणार नाही असा आधार द्या.

२. संवेदक पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाजवळ, तळाशी बसवा. वर बसवला तर तो गरम थर मोजतो आणि खाली पाणी गारच राहतं.

३. कॉइलच्या १० सेंटिमीटर वर फ्लोट स्विच लावा. पाणी त्याखाली गेलं की वीज तुटली पाहिजे. पातळी ओळखायला पाण्यातून वीज वाहण्यावर चालणारे संवेदक शुद्ध पाण्यात भरवशाचे नाहीत, कारण हे पाणी वीज फार कमी वाहतं. तरंगणारा फ्लोटच घ्या.

४. नियंत्रकाच्या रिलेवर थेट हीटर जोडू नका. स्वस्त नियंत्रकांचा रिले १० ॲम्पिअरचा असतो आणि २३० व्होल्टवर ३ किलोवॉटचा हीटर १३ ओढतो. रिलेने कॉन्टॅक्टर चालवायचा, कॉन्टॅक्टरने हीटर. कटआउट ६० अंशांना कायमचा तोडणारा आणि हातानेच परत लावायचा असा घ्या, आणि तो नियंत्रकाच्या भरवशावर नको, वेगळ्या वाटेने जोडा. रिलेचे संपर्क चिकटून बसले तर टाकी वाचवणारा तेवढा एकच भाग उरतो.

५. हीटरचं आवरण, फ्रेम आणि गाडीची बॉडी अर्थिंगला जोडा. २३० व्होल्टचं काम विजेच्या माणसाकडून तपासून घ्या आणि आरसीसीबीचं चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबा.

६. टायमर असा लावा की निघण्याच्या वेळेलाच पाणी तयार होईल. १५ युनिटांना ३ किलोवॉटवर पाच तास लागतात, २ किलोवॉटवर साडेसात. संध्याकाळीच तापवून ठेवलं तर रात्रभराची गळती पुन्हा भरावी लागते.

घरच्या साध्या प्लगवर जोडायचं असेल तर २ किलोवॉटच घ्या. प्लगमध्ये ढिलाई असेल तर पाच तास १३ ॲम्पिअर ओढल्यावर पिना काळ्या पडतात. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल आतल्या आत वितळते. आणि पंप चालू करण्याआधी प्लग काढलेला असलाच पाहिजे. हातात पाण्याने भरलेली नळी आणि गाडीला मुख्य वीज, हे दोन्ही एकाच वेळी कधीही नको. केबल लावलेली असताना गाडी हाकली जाऊ नये म्हणून सॉकेट ड्रायव्हरच्या दाराशेजारी बसवा, चढताना तो दिसतोच.

दिवसाला २५० लिटरच लागत असतील तर ४०० तापवू नका. तेवढीच भरा, युनिटं त्याच प्रमाणात वाचतात. रोज गाडी विजेपाशी आणता येत नसेल तर आणखी एक वाट आहे. घरी किंवा कोठारात शुद्ध पाण्याची वेगळी, फोम लावलेली टाकी ठेवून तीच तापवायची आणि सकाळी गाडीत भरायची. गाडीत विजेचं काहीच बसवावं लागत नाही. जागा असेल तर हा मार्ग जास्त सुटसुटीत आहे.

इंजिनची उष्णता

इंजिनचं कूलंट ८०-९० अंशांवर फिरत असतं, त्यातली उष्णता फुकट मिळते. केबिन हीटरच्या परतीच्या नळीत प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा पत्र्यांचा संच) बसवायचा आणि छोट्या पंपाने टाकीतलं पाणी त्यातून फिरवायचं. पण अपेक्षा बेताची ठेवा. अर्धा तास गाडी चालवताना ६ किलोवॉट मिळाले असं धरलं तरी ती ३ युनिटं झाली, म्हणजे ४०० लिटर पाणी सहा-साडेसहा अंशांनी तापलं. रात्री तापवलेलं पाणी टिकवायला हे उत्तम. फक्त यावरच चालवायचं तर पहिला ग्राहक अडीच तास लांब हवा. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून पाणी तापवणं वाया आहे. रिकामं फिरणारं डिझेल इंजिन फार थोडी उष्णता देतं आणि काजळी साठवतं.

फिरवणारा पंप कूलंट ६० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुरू होऊ नये, त्यासाठी नळीवर तापमानाचा स्विच लावा. नाहीतर थंड इंजिन तापतच नाही. एक्स्चेंजर आतून फुटला तर कूलंट पाण्यात येतं. टीडीएस अचानक वाढणं किंवा कूलंटची पातळी विनाकारण बदलणं ही त्याची खूण. असं दिसलं की त्या दिवशी काम थांबवा, कारण ते पाणी लोकांच्या झाडांवर आणि अंगणात पडणार असतं.

एलपीजीचा झटपट गिझर

विकत घ्यायला सगळ्यात स्वस्त आणि चुकीचं वापरायला सगळ्यात सोपा. बहुतेक छोट्या गिझरांची ताकद १० किलोवॉट किंवा त्याहून जास्त असते. पोलला लागतात पावणेचार. म्हणजे एक तर दीड लिटरच्या प्रवाहावर तो पेटतच नाही, कारण आतल्या प्रवाह-स्विचला त्याहून जास्त पाणी हवं असतं. किंवा पेटतो, पाणी उकळायच्या बेतात नेतो, कटआउटने विझतो आणि पुन्हा पेटतो. पुढे मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळून ठरलेलं तापमान देणारा) लावला तर गिझरमधून जाणारं पाणी आणखी कमी होतं आणि अडचण वाढते.

उपाय साधा आहे. गिझर पोलच्या वाटेवर ठेवायचाच नाही. टाकीतलं पाणी वेगळ्या पंपाने मिनिटाला ४-५ लिटरने गिझरमधून फिरवून परत टाकीत सोडायचं. प्रवाह भरपूर, ज्योत स्थिर, आणि १० किलोवॉट पाण्यात उतरले तर ४०० लिटर ३० अंशांनी तापायला दीड तासाच्या आत. काम सुरू करण्याआधी, गाडीबाहेर उघड्यावर हे उरकायचं. दोन माणसं एकदम काम करत असतील आणि एकूण प्रवाह तीन लिटरच्या वर जात असेल तर थेट वाटेवरही चालतो, पण एकाने नळ बंद केला की दुसऱ्याचं पाणी भाजतं हे लक्षात असू द्या.

बंद व्हॅनमध्ये, किंवा नुसतं मागचं दार उघडून आत, हा गिझर कधीही चालवू नका. छोटे गिझर उघड्यावर वापरायलाच बनवलेले असतात, त्यांना धुराडं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅसचं सामान गाडीत असेल तर केबिनमध्ये त्याचा अलार्म हवाच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेल्या बंद कप्प्यात ठेवा. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची, काडी लावून नव्हे. गॅसमध्ये ब्यूटेनचं प्रमाण जास्त असेल तर शून्य अंशांच्या आसपास त्याची वाफच होत नाही आणि ज्योत मरतुकडी होते. थंडीत प्रोपेन घ्या, तो उणे ४२ पर्यंत उकळतो.

डिझेल हीटर आणि प्लेट एक्स्चेंजर

रात्री वीज नाही, दिवसभर सलग काम आहे, दोन टाक्या भरून संपतात, अशांसाठी हा मार्ग. इंजिन आधी तापवायला बनवलेला ५ किलोवॉटचा कूलंट हीटर यासाठी वापरतात. नामांकित कंपन्यांचे जुने हीटर आणि त्यांच्या स्वस्त नकला दोन्ही चालतात. नकलेचा ग्लो प्लग (तापून इंधन पेटवणारी कांडी) आणि इंधन पंप लवकर जातो, म्हणून ते दोन सुटे भाग सुरुवातीलाच घेऊन ठेवा. हवा तापवणारा डिझेल हीटर याहून स्वस्त असतो, पण तो इथे कामाचा नाही.

मांडणी दोन वेगळ्या वाटांची. पहिल्या बंद वाटेत अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल (गोठू न देणारं द्रव), हीटर, त्याचा पंप, प्लेट एक्स्चेंजरची एक बाजू आणि सगळ्यात उंचावर भरणीची छोटी टाकी. दुसऱ्या वाटेत शुद्ध पाणी, टाकीतून पंप, पंपातून एक्स्चेंजर, तिथून मिक्सिंग व्हॉल्व्ह, मग रीळ. दोन्ही प्रवाह एकमेकांविरुद्ध दिशेने न्या, त्याने उष्णता जास्त उतरते. पंप एक्स्चेंजरच्या आधी असला की त्याला थंड पाणीच मिळतं.

मिक्सिंग व्हॉल्व्ह वगळायचा मोह होतो, पण वगळू नका. ५ किलोवॉट आणि दीड लिटर, म्हणजे ४७ अंशांची वाढ. १० अंशांचं पाणी ५७ वर निघतं. त्यात नळ बंद असताना एक्स्चेंजरमध्ये थांबलेलं पाणी ८० अंशांपर्यंत जातं आणि नळ उघडताच तो घोट नळीत येतो. व्हॉल्व्ह ४५ वर लावला की हे दोन्ही आटोक्यात राहतं. एक्स्चेंजर शक्यतो तांब्याच्या डाकाचा नको, पूर्ण स्टेनलेस किंवा निकेल डाकाचा बघा. तांब्याचा स्वस्त पडतो. घेतलाच तर त्याच्या आधी आणि नंतर टीडीएस मोजत राहा. मोजताना दोन्ही नमुने गार होऊ द्या, कारण गरम पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते आणि साधा मीटर फसतो.

कूलंट भरल्यावर हवा काढण्यात घाई करू नका. हीटर न पेटवता नुसता पंप दहा मिनिटं फिरवा, उंचावरचे जोड सैल करून बुडबुडे जाऊ द्या. हवा अडकली तर हीटर दोन मिनिटांत जास्त तापल्याची चूक दाखवून बंद होतो, आणि लोक हीटरच खराब आहे म्हणून परत करतात.

पेटताना ग्लो प्लग काही मिनिटं ८ ते १० ॲम्पिअर ओढतो. बारीक तारेत व्होल्टेज पडलं की पांढरा धूर येतो, दोन-तीन प्रयत्नांनंतर हीटर स्वतःला कुलूप लावून घेतो. बॅटरीपासून थेट जाड तार आणि फ्यूज द्या. बंद करताना बटणानेच बंद करा, मुख्य वीज तोडू नका. आतला पंखा तीन ते पाच मिनिटं फिरून हीटर गार करतो, तो मध्येच थांबला तर आतला भाग भाजतो आणि काजळी धरते. धुराची स्टेनलेस नळी गाडीच्या खालून बाजूला न्या, तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि सगळ्यात खालच्या वळणावर पाणी निथळायला बारीक भोक ठेवा. भार कमी असला की हीटर मंद जळतो आणि काजळी वाढते, म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा. तासाला साधारण ०.६ लिटर डिझेल जातं. इंधनासाठी वेगळी छोटी टाकी ठेवली तर गाडीच्या टाकीला हात लावावा लागत नाही.

कुठलाही मार्ग घेतला तरी गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवा.

कोमट पाणी साठवू नका

लेजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासात जातात. म्हणजे आपण टाकीत नेमकं त्यांच्या आवडीचं तापमान ठेवतो, आणि शुद्धीकरणात क्लोरीनही निघून गेलेलं असतं. रोज तापवलेलं पाणी रोज संपवा. तीन-चार दिवस सुट्टी असेल तर टाकी आणि नळी रिकामी करा. टाकीवर ऊन येऊ देऊ नका. निदान सहा महिन्यांतून एकदा क्लोरीनने धुवा. ५ टक्के ताकदीचा साधा, बिनसुगंधी ब्लीच ४०० लिटरला ४०० मिलिलिटर घातला की लिटरमागे ५० मिलिग्रॅम होतो. तो नळीपर्यंत नेऊन तासभर ठेवायचा, मग टीडीएस नेहमीवर येईपर्यंत खळबळायचं. आरओ, रेझिन आणि स्टेनलेस एक्स्चेंजर यांना त्या वेळी वाटेतून बाहेर काढा.

बिघडलं तर

टाकीत ४५ दिसतं पण ब्रशला गार पाणी येतं, तर आधी नळीची लांबी बघा, मग संवेदकाची जागा. वर गरम आणि खाली गार असे थर पडले असतील तर पाणी दहा मिनिटं फिरवलं की आकडा झपाट्याने उतरतो, त्यावरून कळतं.

पंपाचा नियंत्रक गरम पाण्यावर भलत्याच वेळी थांबतो किंवा नळ बंद करूनही थांबत नाही, तर तो नळी गरम असताना पुन्हा जुळवून घ्या. मऊ नळी फुगते, म्हणून बंद नळाचा दाब सावकाश चढतो.

रिळापाशी जोड सुटत असतील तर दाबून बसवायचे जोड काढून काटेरी तोंड आणि स्टेनलेस क्लॅम्प लावा. क्लॅम्प नळी गरम असताना एकदा, गार झाल्यावर पुन्हा एकदा कसा.

गिझर किंवा एक्स्चेंजरमधून एका रात्रीत पाणी गळायला लागलं असेल तर बहुधा आत बर्फ झाला. तापमान शून्याखाली जाणार असेल त्या संध्याकाळी शुद्ध पाण्याची बाजू निथळून काढा. त्यासाठी सगळ्यात खालच्या जागी एक छोटी तोटी बसवतानाच लावून ठेवा, नंतर तिथे हात पोचत नाही.